धाकटीची वकीलबाई

बाजारात तिला सगळे वकीलबाई म्हणायचे. कायद्याचं पुस्तक तिने जन्मात उघडलं नव्हतं. कॉम्प्युटर बाजाराच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, तिचं कॉम्प्युटर जोडून विकण्याचं दुकान होतं. पण एखादं गिऱ्हाईक आत येऊन "प्रोसेसर थोरलीचाच घाला हं," असं म्हणालं, की हातातला स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवून आणि बाह्या सरसावून ती अशी काही सुरू व्हायची की समोरच्या दुकानातली माणसं काम थांबवून ऐकायची. माणूस थोरलीचं नाव घेत आत शिरायचा आणि धाकटीचं खोकं काखेत मारून बाहेर पडायचा.

थोरली आणि धाकटी ही बाजाराने पाडलेली नावं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, आणि तो बनवणाऱ्या ज्या दोन कंपन्या या बाजाराला ठाऊक, त्यातली थोरली आधीपासूनची, पैसेवाली, तोऱ्यातली. धाकटी मागून आलेली आणि मध्यंतरी बुडता बुडता वाचलेली. तिचं नाव काढलं की दुकानदार हसायचे. अशा पडत्या काळात वकीलबाईने तिचा पक्ष घेतला, आणि तोही उगाच नाही.

थोरलीची एक खोड होती. दर एक-दोन वर्षांनी ती नवा प्रोसेसर काढायची आणि तो मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत बसतो ते सॉकेटच बदलायची. म्हणजे माणूस नुसता प्रोसेसर बदलायला आला, तरी त्याला सांगायचं, साहेब, मदरबोर्डही नवा घ्यावा लागेल. चांगला चालता बोर्ड भंगारात. गिऱ्हाइकाचा चेहरा पडायचा तो दुकानदारासमोर. थोरलीच्या मालकांना तो कधी दिसायचा नाही. वकीलबाईला या गोष्टीचा मनापासून संताप यायचा. आपण लुबाडणाऱ्यांचे दलाल आहोत का, असं ती नवऱ्याला विचारायची. धाकटीने जेव्हा जाहीर केलं की आमचं सॉकेट वर्षानुवर्षं तेच राहील, आज घेतलेल्या बोर्डात उद्याचा प्रोसेसर बसेल, तेव्हा तिने आधी स्वतःच्या मशीनवर करून बघितलं. बसला. त्या दिवसापासून धाकटी तिची झाली.

नुसतं बोलून ती थांबली असती तर तिला कुणी विचारलं नसतं. तिची एक पद्धत होती. धाकटीचा माल खराब निघाला, तर ती आपल्या कपाटातला नवा काढून गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे बदलून द्यायची आणि मग कंपनीशी भांडायला बसायची. बाजारात कुणी असं करत नाही. बाकीचे पावती दाखवा, खोकं दाखवा, स्टिकर फाटलंय का बघू, असं करत शेवटी सर्व्हिस सेंटरचा पत्ता हातावर ठेवतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. ही स्वतः खराब माल पिशवीत घालून सर्व्हिस सेंटरचे उंबरठे झिजवायची. कधी कंपनी ऐकायची, कधी कानावर हात ठेवायची, मग भुर्दंड हिच्याच माथी. धाकटीचा माल भरवशाचा असतो, असं हळूहळू अख्खा बाजार म्हणू लागला. हा भरवसा कारखान्यात तयार होत नव्हता. तो या बाईच्या कपाटातून निघत होता, आणि हे कंपनीतल्या एकाही शहाण्याला माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्याने झोपेचं सोंग घेतलं होतं.

दुकान मुळात एकच होतं, तिच्या नवऱ्याचं आणि धाकट्या दिराचं. नवरा गेल्यावर मधोमध प्लायवूडचं पार्टिशन आलं. भांडण झालं म्हणून नव्हे. दीर थोरलीचा माल ठेवायचा आणि वहिनी त्याच्या तोंडावर थोरलीचे वाभाडे काढायची, तेव्हा गिऱ्हाइकांची पंचाईत व्हायची म्हणून. थोरल्याची बायको धाकटी विकते आणि धाकटा थोरली विकतो, हे कोडं नव्या माणसाला समजावून सांगायला बाजारात एक अख्खा चहा लागायचा. घरी जाऊबाईंनी दोघांना तंबी देऊन ठेवली होती, की पानावर बसल्यावर प्रोसेसर काढायचे नाहीत.

आता साहेबांविषयी. साहेब म्हणजे धाकटीचा माल पुरवणाऱ्या वितरकाचा एरिया मॅनेजर. पण हे पुढचं. आधी तो खांद्याला पट्ट्याची बॅग लावून दुकानोदुकानी फिरणारा पोरगेलासा विक्रेता होता, आणि धाकटीचा म्हटल्यावर त्याला कुणी खुर्चीसुद्धा पुढे करायचं नाही. वकीलबाईने त्याला स्टूल दिलं. "अरे, तोंड सुकलंय तुझं. बस आणि आधी खाऊन घे," म्हणून आपला डबा अर्धा केला. हिने माल घेतला म्हणून शेजारच्याने घेतला, शेजारच्याने घेतला म्हणून खालच्या मजल्याने घेतला. त्याची बढती होत गेली. बॅग जाऊन गाडी आली, काचेचं ऑफिस आलं. तो तिला ताई म्हणायचा, ती त्याला अरे-तुरे करायची, आणि त्यात दोघांनाही काही वावगं वाटत नव्हतं.

धाकटीचे दिवस पालटले. तिचा नवा प्रोसेसर थोरलीच्या नाकावर टिच्चून जोरात पळायला लागला. गेम खेळणारी पोरं, व्हिडिओ जुळवणारे, इमारतींचे नकाशे काढणारे, सगळे धाकटीच मागू लागले. पार्टिशनच्या पलीकडे दीर माश्या मारत बसला. वकीलबाई तेव्हा जराशी शेफारली होती हे खरं. "भावजी, थोरलीच्या खोक्यांवरची धूळ झटका, नाहीतर प्रोसेसर आहे की वीट, ते कळायचं नाही," असं ती पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने बोलायची. दीर उत्तर म्हणून प्लायवूडवर दोन टिचक्या मारायचा.

आणि मग ते हॉल आले. शहराबाहेर, बिनखिडक्यांचे, गोदामाएवढे. त्यांत ओळीने यंत्रं मांडलेली. लोकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देणारी, चित्रं काढून देणारी. या हॉलांचं पोट काही भरेना. दोन्ही कंपन्यांना तो वास लागला, पण धाकटीला जास्त. तिचे मालक झगमगत्या मंचावर उभे राहून सांगू लागले की आमचं भविष्य आता त्या हॉलांमध्ये आहे. घरगुती गिऱ्हाइकांचं नावही त्यांच्या तोंडी येईना. बाजारात माल थेंबाथेंबाने यायला लागला. सकाळचा भाव दुपारी राहीना. ज्या दुकानदारांनी धाकटीला हाताला धरून उभं केलं, त्यांना आता, थांबा, बघू, जमेल तेव्हा देऊ, असं ऐकावं लागायचं. वकीलबाई तेव्हाही धाकटीची बाजू सावरत होती. मोठं झालं की थोडं असं होतंच, म्हणायची. आपल्या माणसाची चूक पोटात घालताना आपण सगळेच असं बोलतो.

त्याच सुमारास क्लासच्या बाई आल्या. गावातला शिलाईचा मोठा कारखाना बंद पडला होता आणि तिथल्या बायका घरी बसल्या होत्या. त्यांना कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढायला शिकवायचं, असं या बाईंनी मनावर घेतलं होतं. इमारत चहूबाजूंनी फिरवून बघायची म्हणजे मशीन दमदार हवं. त्यांना वीस मशीनं हवी होती. त्या आधी दिराकडे गेल्या, मग हिच्याकडे. हिने नेहमीप्रमाणे बाह्या सरसावल्या. आजच्या बोर्डात उद्याचा प्रोसेसर, बिघडला तर मी बदलून देणार, हे सगळं सांगितलं. क्लासच्या बाई शांतपणे ऐकून म्हणाल्या, "मला यातलं फारसं कळत नाही. तुम्ही शब्द देताय, तर तुमच्याकडूनच घेते. एक तारखेला बायका येणार, तेवढं सांभाळा."

तिने साहेबांना फोन लावला. "ताई, तुमचा माल बाजूला काढून ठेवलाय म्हणून समजा," असं ते म्हणाले. तेवढं तिला पुरलं. तिने धाकटीचे बोर्ड आणले, कॅबिनेटं आणली, मेमरी लावली, वायरी बांधल्या. दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही. वीस मशीनं भिंतीला टेकून उभी होती, झाकणं उघडी, आणि प्रत्येकाचं सॉकेट रिकामं. फक्त प्रोसेसर यायचे होते.

ते आले नाहीत. उद्या येतील, परवा येतील, गाडी निघालीय, असं चाललं. शेवटी ती उठली आणि थेट त्या काचेच्या ऑफिसात गेली. बाहेरच्या मुलीने तिला कोचावर बसायला सांगितलं. ती बसली नाही.

साहेब हसतमुख होते. पाणी मागवलं. मग म्हणाले, "ताई, तुम्हाला खोटं नाही सांगणार. तुमचा माल आला होता. पण हॉल बांधणारा मोठा ठेकेदार आहे ना, त्याला त्याच्या ऑफिसांसाठी तोच माल हवा होता. पुढचं सगळं मोठं काम त्याच्याकडून यायचंय. त्याला नाही कसं म्हणणार?"

"मला कसं म्हणालास मग?"

"तुम्ही घरच्या ना, ताई. तुम्ही समजून घेता." साहेब खुर्चीत पुढे सरकले. "आणि मी तुम्हाला वाऱ्यावर नाही सोडलेलं. मागच्या पिढीचे पडलेत माझ्याकडे. हवे तेवढे न्या. आपलं सॉकेट तेच आहे, चपखल बसतील. बाहेरून काय कळतंय? आणि शिलाईवाल्या बायका त्या, त्यांना कुठला प्रोसेसर ते काय समजणार आहे?"

वकीलबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीन फसवं निघालं असतं हे तर होतंच. नकाशा जरा मोठा झाला की पडदा गोठला असता आणि त्या बिचाऱ्या बायकांना वाटलं असतं, आपल्यालाच जमत नाही. पण त्याहून झोंबलं ते दुसरंच. एकच सॉकेट वर्षानुवर्षं, ही धाकटीची जी खूबी तिने घसा कोरडा करून बाजाराला पटवली होती, तीच खूबी पुढे करून हा माणूस तिला जुना माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायला सांगत होता. तिच्याच तोंडच्या शब्दांनी तिचंच तोंड काळं करायचं, आणि वर ती घरची म्हणून.

ती ओरडली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने त्याला अहो-जाहो केलं.

"साहेब, आपला वेळ घेतला. येते मी."

साहेबांचा चेहरा तेव्हा पडला. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना चाललं असतं, ते सवयीचं होतं. "ताई, असं काय..." म्हणेपर्यंत काचेचं दार तिच्यामागे बंद झालं होतं.

दुकानात येऊन ती त्या वीस उघड्या मशीनांसमोर उभी राहिली. कुणाला कळलं नसतं, हे खरं होतं. निदान काही महिने तरी नाहीच. पण क्लासच्या बाईंनी थोरली, धाकटी यातलं काहीच विकत घेतलं नव्हतं. त्यांनी हिचा शब्द घेतला होता, आणि तो एक तारखेला खरा व्हायला हवा होता. ती पार्टिशनला वळसा घालून पलीकडे गेली.

दीर खुर्चीवर रेलून पेपर वाचत होता.

"भावजी, थोरलीचे वीस आहेत का? नकाशाच्या कामाला चालतील असे."

त्याने पेपर खाली केला. ही चेष्टा करतेय असं त्याला आधी वाटलं. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि ओठावर आलेलं गिळलं.

"आहेत. पण वहिनी, तुमचे बोर्ड चालणार नाहीत. तेही थोरलीचे लागतील."

"मला सांगताय? आयुष्यभर तेच ओरडत आलेय मी."

त्यावर दोघांनाही हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. दीर कपाट उघडून खोकी काढायला लागला. काढता काढता, पाठ तिच्याकडेच ठेवून, म्हणाला, "माझी थोरली काही साधू झालेली नाही हं. सध्या गिऱ्हाईक नाही म्हणून गोड बोलतेय. पुन्हा वर चढली की पुन्हा सॉकेट बदलेल. मी तिच्यासाठी कधी कुणाशी वाद घातला नाही, म्हणून मला त्याचं काही वाटत नाही. तुम्ही मात्र वहिनी, तिला पोटच्या पोरीसारखी सांभाळलीत. कंपनीला कुठे आई-बाप असतात?"

एरवी ती अशा वाक्याला चार वाक्यांनी उत्तर द्यायची. त्या दिवशी तिने नुसती खोकी हातात घेतली. इतका राग आला होता की तो आता साहेबांवर आहे, धाकटीवर आहे की स्वतःवर, हे तिला वेगळं करता येईना.

क्लासच्या बाईंना तिने दुकानात बोलावून सगळं सरळ सांगितलं. ज्या कंपनीच्या जिवावर बोलले तिने तोंडघशी पाडलं. मशीन आता थोरलीचं मिळेल. उद्याचा प्रोसेसर यात बसेल असं मी सांगू शकत नाही. पण आजचं काम चोख होईल. तुम्हाला नको असेल तर दुसरीकडे बघा, मला राग येणार नाही. बाईंनी एवढंच विचारलं, "एक तारीख?"

"एक तारीख," ती म्हणाली.

मग पार्टिशनच्या दोन्ही बाजूंची माणसं कामाला लागली. धाकटीचे वीस बोर्ड उपटून काढले, थोरलीचे बसवले. वाया गेलेले बोर्ड वकीलबाईने मागच्या कप्प्यात रचून ठेवले; त्यांचा फटका तिचा तिने सोसला आणि दिराने वाटून घेऊ म्हटल्यावर त्याला गप्प केलं. जाऊबाई डबा घेऊन आल्या आणि दीर-भावजय एका मशीनवर वाकलेले बघून दारातच थबकल्या. एक तारखेला बायका आल्या. काहींनी आधी माऊसला हात लावायला आढेवेढे घेतले, मग त्यांच्यातली एक स्वतःच्या घराचा नकाशा काढायला लागली आणि स्वयंपाकघर मोठं करत सुटली, असं क्लासच्या बाई नंतर सांगत होत्या.

त्यानंतर वकीलबाई धाकटीविषयी बोलायची बंद झाली. गिऱ्हाइकाने विचारलं तर दोन्हींचं बरंवाईट सांगायची आणि ठरवणं त्याच्यावर सोडायची. तिच्या बाजूने आवाज येईना तशी बाजाराला चुकल्यासारखं झालं. तिचं ऐकून घेणारे बाकीचे दुकानदारही धाकटी मागवताना हात आखडता घेऊ लागले.

आणि मग वाऱ्याची दिशा पुन्हा फिरली. हॉलांचं काम अर्ध्यावर थांबलं. जेवढी यंत्रं लागतील असं वाटलं होतं तेवढी लागेनात, म्हणे. ठेकेदाराने हात वर केले आणि न फोडलेला माल वितरकाच्या दारात परत आणून टाकला. एका दुपारी साहेब स्वतः हातगाडी ढकलत, घामाघूम होऊन, मालाच्या लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर आले. गाडीवर धाकटीची खोकी छातीपर्यंत रचलेली होती.

"ताई, तुमच्यासाठी खास काढून आणलाय माल. सगळ्यांत आधी तुमच्याकडे आलोय."

"आधी ठेकेदाराकडे गेला होता ना हा माल?"

साहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. "झालं गेलं सोडा. महिनाअखेर आलीय. तुम्ही बोललात की बाजार बोलतो, ताई. दोन शब्द टाका. अजून काही नको."

अजून काही नको, हे या माणसाने किती सहज सांगितलं, याचं तिला नवल वाटलं. त्याला माल विकायला जागा नको होती, कपाट नको होतं. तिचे दोन शब्द तेवढे हवे होते, आणि तेच तिच्याजवळचं सगळ्यांत महाग होतं.

"बसा," तिने स्टूल पुढे ओढलं. "आता जे गिऱ्हाईक येईल त्याला तुम्ही सांगा. माल तुमचा, तोंडही तुमचंच. पटलं त्याला, तर अख्खी गाडी उतरवून घेते."

साहेब बसले. थोड्या वेळाने एक बाप आपल्या मुलीला घेऊन आला. मुलीला कार्टून बनवायला शिकायचं होतं आणि तसा कॉम्प्युटर हवा होता. साहेबांनी बोलायला सुरुवात केली, आणि चांगलं बोलले. वेग सांगितला, वीज किती वाचते ते सांगितलं, आजच्या बोर्डात उद्याचा प्रोसेसर हेही सांगितलं. ते वाक्य तर तिच्याच ढंगात, हातवाऱ्यासकट होतं. मुलीचे डोळे चमकले. बापाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बिघडला तर कुणाकडे यायचं?"

साहेब थांबले नाहीत, अडखळले नाहीत. त्यांचं बोट आपोआप वकीलबाईकडे वळलं.

"ह्यांच्याकडे. ह्या लगेच बदलून देतात."

वकीलबाई बोलली तेव्हा तिचा आवाज संतापाने कापत होता.

"ऐकलंस का रे स्वतःचं बोलणं? तुझ्या मालाच्या मागे मी उभी. माल तू भलत्याला देणार, जुना माझ्या माथी मारणार, आणि बिघडला की बोट माझ्याकडे. माझ्या मागे कोण उभं होतं, सांग. एकदा तरी होतं का कुणी?"

तिने बापाकडे तोंड वळवलं आणि आवाज खाली आणला.

"दादा, माल चांगला आहे, त्यात खोट नाही. पण मी यापुढे या कंपनीसाठी जबाबदारी घेत नाही. तुम्हाला हवा असेल तर हे साहेब देतील. बिघडला तर त्यांच्याच ऑफिसात जायचं. त्यांच्याकडून पत्ता घ्या."

बापाने साहेबांकडे पाहिलं, त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे, छातीएवढ्या खोक्यांकडे पाहिलं.

"मग नको," तो म्हणाला.